खोली बघायला गुरुवारी जा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

प्रवेशफेरीची यादी लागली की लातूर, नांदेड, सोलापूरकडची कुटुंबे दोन दिवसांसाठी पुण्यात उतरतात. पहिला दिवस कॉलेजच्या फीच्या रांगेत जातो. दुसऱ्या दिवशी एजंटाच्या मागे चार खोल्या बघायच्या आणि संध्याकाळच्या गाडीआधी टोकन देऊन मोकळे व्हायचे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत कटऑफचे तक्ते पानभर असतात. पोराने राहायचे कुठे, यावर दोन ओळीही नसतात.

शक्य असेल तर खोली बघायला गुरुवारी जावे. देखभालीसाठी महापालिका पाणी बंद ठेवते तो वार बहुतेक वेळा हाच, आणि शुक्रवारी सकाळी ते ‘उशिरा व कमी दाबाने’ येते. इमारतीची टाकी केवढी आहे, हे त्याच दिवशी कळते. वॉचमनला ‘पाणी येते का’ असे विचारले तर उत्तर ‘येते’ असेच मिळणार. त्यापेक्षा ‘आठवड्याला टँकर किती लागतात आणि त्याचे पैसे कोण भरते’ असे विचारावे. वरच्या मजल्यावर बाथरूमचा नळ सोडून एक बादली भरून बघावी. तोटीवर पांढरा खरखरीत थर चढलेला असेल तर पाणी बहुधा बोअरचे. ते आंघोळीला चालते, पण प्यायला जार लागणार आणि तो खर्च भाड्यातच धरायला हवा. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. हद्द आली म्हणून पालिकेचा नळ आला असे नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, त्यालगतचे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचाच निघाला होता. तळाच्या टाकीचे झाकण उचलून दाखवा म्हणायला संकोच कसला?

तळमजला स्वस्तात मिळत असेल तर आधी जवळचा ओढा कुठून जातो ते बघावे. उन्हाळ्यात मुठा अगदी गरीब दिसते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने काठच्या वस्त्यांत आणि 25 जुलै 2024 रोजी खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत काय केले, ते तिथल्या दुकानदारांना विचारावे. भिंतीला नवा रंग असतो, पण वीजमीटरच्या पेटीमागे पाण्याची रेघ राहून जाते.

आता अंतर. ‘कॉलेजपासून तीन किलोमीटर’ याला अर्थ नाही. सकाळी साडेआठला किती मिनिटे लागतात ते मोजावे. शिवाजीनगरच्या कॉलेजला जाणाऱ्याला कोथरूड लांब वाटते, पण वनाज किंवा आयडियल कॉलनीतून मेट्रोत बसले की सिव्हिल कोर्टापर्यंत गाडी बदलावी लागत नाही. उलट धनकवडी, आंबेगाव, कर्वेनगर इथे भिस्त पीएमपीच्या बसवर किंवा दुचाकीवर. नऱ्हे-आंबेगावकडच्या कॉलेजांसाठी तर एकच नियम पाळावा: खोली आणि कॉलेज महामार्गाच्या एकाच बाजूला हवे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. अवजड गाड्यांचे ब्रेक तिथे तापून निकामी होतात, काही चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात. नोव्हेंबर 2022 मध्ये एकाच अपघातात चाळीसहून अधिक वाहने ठोकली गेली. तो रस्ता पोराने रोज दोनदा ओलांडायचा, हे भाड्यातल्या हजार रुपयांच्या फरकासाठी परवडणारे नाही.

सदाशिव-नारायण पेठेत यातले बरेच प्रश्न सुटतात. अभ्यासिका, झेरॉक्स, मेस सगळे हाकेच्या अंतरावर. मात्र ‘कॉट बेसिस’ म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे: एक कॉट, एक कपाट, आणि आठ जणांत एक संडास असू शकतो. गाडी लावायला जागा नाही, हे गृहीतच धरा.

करारनाम्याबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे खोलीचा ठरावीक मुदतीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. भाडे 15,000 आणि परत मिळणारी अनामत 50,000 असेल तर 11 महिन्यांच्या करारावर ते सव्वाचारशेच्या आसपास येते. पालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. त्यापुढे एजंट जे मागेल ती त्याची मजुरी, तिचा हिशेब वेगळा मागावा. वीजबिलाचा ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या साइटवर थकबाकी बघावी. सबमीटर असेल तर युनिटचा दर करारात लिहून घ्यावा, नाहीतर उन्हाळ्यात कुरबुर ठरलेली.

शेवटी मेस. महिन्याचे पैसे आगाऊ भरण्याआधी ‘खाडा’ किती दिवसांचा धरतात ते विचारावे. सलग तीन दिवस जेवायला नसलात तरच वजावट, असे नियम असतात. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, ते वेगळेच.

क्षेत्रीय कार्यालयांनी आपल्या हद्दीतल्या पाण्याच्या वेळा एका कागदावर छापून कॉलेजांच्या फीच्या खिडकीवर ठेवाव्यात, एवढी या पत्राद्वारे विनंती. वेळापत्रक त्यांच्याकडे तयारच असते.

आपला,
एक वाचक, पुणे 30