मित्रास पत्र : तुझ्या बॅटरीच्या झोताविषयी

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझ्याबरोबर रात्री उसाची दारे धरायला आलो, तेव्हापासून तुझ्या बॅटरीचा उजेड माझ्या मनात सलतो आहे. उजेड कमी नव्हता. पण मधोमध डोळे दिपवणारा ठिपका, त्याच्या पोटात काळपट डाग आणि भोवती पिवळसर कडे, असा तो पडत होता. नजर ठिपक्यावर खिळली की पायाजवळचे पाचट दिसेनासे होई, आणि घोणस तर पाचटात पाचटासारखीच दिसते. म्हणून माझ्याकडच्या तशाच बॅटरीवर तीन रविवार खर्च केले.

पांढऱ्या भिंतीवर दोन मीटरवरून झोत टाकला की सारे दोष उघडे पडतात. काळा डाग पडतो तो एलईडी परावर्तकाच्या, म्हणजे त्याच्याभोवतीच्या चकचकीत वाटीच्या, नाभीवर (प्रकाश एकवटण्याच्या बिंदूवर) नेमका न बसल्यामुळे. या दोहोंमध्ये प्लॅस्टिकची एक चकती असते, ती माझ्या बॅटरीत जाड निघाली. सेल काढून ठेवायचा, चकती बारीक पॉलिश पेपरवर जराशी घासायची, पुन्हा जोडून भिंतीवर पाहायचे, असे पाच-सहा वेळा केल्यावर डाग मिटला. येथे घाई मुळीच करू नकोस. चकती फार पातळ झाली, तर परावर्तकाचा धातू एलईडीच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकून शॉर्ट होतो. परावर्तकाला आतून बोटही लावू नकोस, कारण त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका नाजूक असतो की मऊ कापडानेही त्यावर चरे उठतात.

पिवळे कडे मात्र घासून जाणारे नव्हते. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरच्या पिवळ्या फॉस्फरमुळे (प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या लेपामुळे) तो पांढरा दिसतो, आणि तिरका निघणारा प्रकाश त्या थरातून अधिक अंतर कापत असल्याने पिवळट होतो. तेव्हा उपाय एकच, प्रकाश मिसळून टाकणे. काही जण परावर्तकावर लॅकरचा फवारा मारून तो संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत करतात, पण बिघडले तर मागे फिरता येत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. बटर पेपरने फारच उजेड खाल्ला. अखेर न्हाणीघराच्या खिडकीला लावतात ती दुधी चिकट फिल्म काचेला आतून लावली, आणि कडे विरून भिंतीवर मधून कडेपर्यंत हळुवार मावळत जाणारा एकसंध उजेड पडला. तो पाहून मला खरोखर आनंद झाला.

यात पल्ला घटतो, पण वाटतो तितका नाही. मधल्या झोताची तीव्रता निम्मी झाली, तरी 200 मीटरचा पल्ला सुमारे 140 मीटरवर येतो, कारण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने क्षीण होतो. तुला तर पायापुढचे दहा मीटर हवे आहेत.

सोबत फिल्मचा तुकडा पाठवत आहे. तो काचेपेक्षा किंचित लहान काप, नाहीतर कडेच्या रबरात अडकून आत पाणी शिरेल. चकतीला हात लावण्यापूर्वी भिंतीवरच्या झोताचा फोटो मला पाठव, मग किती घासायची ते ठरवू.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा स्नेहांकित