तुझ्या टाचेजवळचा डाग

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो गं आई" म्हणून विषय बदलतेस आणि बाबांसमोर आजोबांचं दुखणं मला काढवत नाही, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या आंघोळीला तुला तेल लावताना डाव्या टाचेजवळ काळा डाग दिसला. तू म्हणालीस, जन्मापासूनचा आहे. नाही बाळा. तुझ्या अंगावरचा तीळ न् तीळ मला पाठ आहे. मानेवर एक, पाठीवर दोन, उजव्या कोपराशी एक. तळपाय कोरा होता. आत्या म्हणाली, पायावर तीळ म्हणजे परदेशप्रवास, आणि तुम्ही दोघी हसलात. मला मात्र आजोबांचा पाय आठवला.

तू दोन वर्षांची होतीस. त्यांच्या तळव्याला असाच ठिपका आला. बाभळीचा काटा मोडून आत राहिला असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. शेजारच्या आजींनी बिब्बा घातला. बिब्ब्याचा डाग काळाच, त्यामुळे ठिपका पसरत गेला तरी आम्ही "बिब्बा उतलाय" म्हणत राहिलो. मग कुरूप समजून गावातल्या एकाने ते ब्लेडने तासलं. ती जखम भरलीच नाही. जांघेत गाठ हाताला लागली तेव्हा शहरात नेलं, आणि मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा एक कर्करोग, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. रोज संध्याकाळी त्यांचे पाय मीच धूत होते गं. तो डाग माझ्या डोळ्यांदेखत वाढला.

गोऱ्या लोकांत हा कर्करोग बहुतेक उन्हामुळे होतो. आपल्या सावळ्या कातडीत तो विरळा, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली. तिथे ऊनही फारसं पोचत नाही आणि कुणाची नजरही जात नाही. तुझ्या हॉस्टेलच्या भिंतीवर त्या गायकाचं, बॉब मार्लीचं चित्र होतं ना? त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हेच निघालं, १९७७ साली. आधी फुटबॉलची जखम वाटली होती. १९८१ मध्ये तो गेला, ३६ वर्षांचा.

डागाच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच डागात काळा, तपकिरी, निळसर असे रंग आहेत, आकार ६ मिलिमीटरच्या, म्हणजे पेन्सिलीमागच्या रबराच्या पुढे गेलाय, हे सगळं बघायचं. पण मला विचारशील तर सगळ्यात मोठी खूण बदलाची. नवा आला, वाढला, खाजतो, रक्त येतं, तर थांबायचं नाही. नखांचंही सांगते. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या तीनचार नखांवर काळसर उभ्या रेघा असतात, त्या सहसा निरुपद्रवी. एकाच नखावर रेघ आली, रुंद होत गेली आणि रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर मात्र लगेच दाखवायचं.

त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा. पार्लरमध्ये किंवा लेसरने जाळून घेऊ नकोस, मग तपासायला काही उरत नाही. डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून बघतात. तळव्यावरच्या बारीक खाचांमधून रंग असेल तर बहुधा साधा तीळ, उंचवट्यांवर असेल तर शंका. शंका आली तर काढून तपासायला पाठवतात. सुई-कात्री लागली की कर्करोग पसरतो, हे आत्याचं म्हणणं खोटं आहे. आजाराची खोली मिलिमीटरात मोजतात. १ मिलिमीटरच्या आत असताना काढला तर बहुतेक लोक बरे होतात. आजोबांना ती संधी आम्ही दिली नाही.

"आधी तू दाखव" म्हणशील, म्हणून गेल्या आठवड्यात मीच जाऊन आले. कमरेला परकराच्या नाडीखाली कातडी काळी पडून सोलली होती. डॉक्टरांनी ती नीट पाहिली. धोतराच्या गाठीच्या जागी होणाऱ्या कर्करोगाबद्दल मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलंय, असं त्यांनी सांगितलं. माझं साधं घर्षण निघालं. आता रुंद पट्टा शिवून घेतलाय.

तुझाही साधा तीळच असण्याची शक्यता जास्त आहे. तरी आज रात्री डागाशेजारी मोजपट्टी ठेवून उजेडात फोटो काढ आणि मला पाठव. शनिवारची वेळ घे. मी पहाटेच्या गाडीने येते, दोघी मिळून जाऊ. बाबांशी मी बोलेन.

तुझी,
आई