गोल कसा झाला, तेही छापा

महोदय,

फुटबॉलमध्ये दुबळा समजला जाणारा संघ अंतिम सामना जिंकला की मथळा ठरलेला असतो: 'चमत्कार', नाहीतर 'नशिबाची साथ'. खाली गोल कितव्या मिनिटाला झाला तेवढे असते. तो झाला कसा, हे मात्र वाचायला मिळत नाही. नागपूर-कामठीच्या मैदानांवर रोज घाम गाळणाऱ्या पोरांना नेमके तेच हवे असते.

2004 ची युरो, म्हणजे युरोपीय देशांची स्पर्धा घ्या. त्याआधी ग्रीसने युरो किंवा विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता. 4 जुलैला लिस्बनमध्ये त्यांनी यजमान पोर्तुगालला 1-0 ने हरवले. त्याआधी बाद फेरीत फ्रान्स आणि चेक प्रजासत्ताक, दोघांनाही 1-0 नेच. तिन्ही गोल हेडरचे, म्हणजे डोक्याने मारलेले, त्यातले दोन कॉर्नरवरून, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किकवरून. तीन सामन्यांत तीनदा तेच घडते, तेव्हा ते सरावातून आलेले असते.

अंतिम सामन्यात 57 व्या मिनिटाला ग्रीसच्या बासिनासने उजवीकडून कॉर्नर घेतला. पोर्तुगालचा गोलरक्षक रिकार्डो पुढे आला, पण चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही आणि ग्रीसच्याच खारिस्तेयासने डोक्याने गोल केला. कॉर्नरचा चेंडू गोलसमोरच्या 5.5 मीटरच्या रेषेच्या जरासा बाहेर उतरला की गोलरक्षकाची अशीच पंचाईत होते. बाहेर यावे तर वाटेत गर्दी, थांबावे तर सहा-सात मीटरवरून हेडर!

ग्रीसचे प्रशिक्षक ओटो रेहागेल यांच्या बचावाला अनेकांनी जुनाट म्हटले. प्रत्येकाला एकेक माणूस नेमून दिलेला आणि सगळ्यांच्या मागे मोकळा बचावपटू डेलास. तो जुनाट असेल, पण बाद फेरीत फ्रान्स आणि पोर्तुगालला त्यातून एकही गोल करता आला नाही.

आपल्याकडे तासभर शूटिंग चालते आणि कॉर्नर शेवटी, अंधार पडू लागल्यावर, आठ-दहा. छोट्या संघाने हे उलटे करावे. दोन्ही बाजूंनी रोज वीस-वीस कॉर्नर, मारणारा तोच. गोलच्या जवळच्या खांबापाशी उभ्या असलेल्या बचावपटूच्या डोक्यावरून चेंडू गेला नाही, तर पुढचे सगळे फुकट. बरेच कॉर्नर तिथेच वाया जातात. हेडर मारणाऱ्याने आधीच जाऊन चेंडूखाली उभे राहू नये, कारण जागेवरून उडी कमी बसते. त्याने पेनल्टी स्पॉटच्या (गोलसमोर 11 मीटरवरच्या खुणेच्या) मागून, चेंडू हवेत असताना धाव घ्यावी. दोघे पेनल्टी क्षेत्राबाहेर, परतणाऱ्या चेंडूसाठी. दोघे मध्यरेषेजवळ, नाहीतर आपल्याच कॉर्नरवर आपण गोल खातो. कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड (बचावपटूंच्या पुढे आधीच उभे राहण्याची चूक) नसतो, पण पेनल्टी क्षेत्राबाहेर गेलेला चेंडू आपल्याच खेळाडूने पुन्हा आत टाकला की असतो. इथे आपली पोरे हमखास फसतात.

मैदानाचाही विचार हवा. उन्हाळ्यात इथली माती दगडासारखी होते, टप्पा भलताच उंच उसळतो. म्हणून चेंडू हवेतच गाठावा. शाळांच्या मैदानांवर कोपऱ्यातला झेंडा आणि भिंत यांत कित्येकदा दोनच पावलांची जागा असते. लांब धाव घेऊन मारायची सवय असलेला मुलगा तिथे अडतो. दोन पावलांचा किकही वेगळा घोटून घ्यावा लागतो.

आणि आघाडी मिळाल्यावर अकराच्या अकरा जण आपल्या गोलसमोर गोळा होतात, ही सर्वांत घातक चूक. मग बाहेर फेकलेला प्रत्येक चेंडू समोरच्यांनाच मिळतो. पुढचा खेळाडू आणि शेवटचा बचावपटू यांत साधारण तीस मीटर अंतर राहावे आणि सगळ्यांनी मिळूनच मागे-पुढे सरकावे.

म्हणून विनंती, की स्थानिक लीगच्या बातमीत दोन ओळी वाढवाव्यात: चेंडू कुठून आला, मारणाऱ्याला कोणी मोकळे सोडले आणि तो धावत आला की उभा होता. वार्ताहराने गोलमागे उभे राहून सामना पाहिला, तर हे सहज टिपता येते.

— एक फुटबॉल प्रशिक्षक, नागपूर