प्लाट्स सोल्नी चौकातल्या फुलवाल्या मावशींना

सप्रेम नमस्कार मावशी,

पोलंडमधल्या तुमच्या व्रोत्सवाफ शहराहून घरी येऊन बरेच दिवस झाले, तरी तुमची आठवण निघाली की माझा गळा अजून दाटून येतो. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र.

आम्ही कोल्हापूरचे. १९४३ ते १९४८ या काळात आमच्या शेजारच्या वळीवड्याला तुमच्या देशातले सुमारे ५,००० निर्वासित राहिले होते, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, वडील त्या छावणीत दूध घालायचे. त्यामुळे पोलंड बघायचा आबांचा हट्ट जुना. नजर जवळजवळ गेली तरी तो हट्ट सुटला नाही.

त्या दिवशी आमच्या सहलीत टोळ्या पाडून खेळ ठेवला होता: शहरभर विखुरलेले ब्राँझचे वीत-दीड वीत उंचीचे बुटके शोधायचे. प्रत्येकाने निदान एक तरी स्वतः हुडकायचा, ही अट. आबा सकाळपासून हरखले होते. कम्युनिस्ट राजवटीत सरकारविरोधी घोषणांवर रंग फासला जायचा आणि ऐंशीच्या दशकात ऑरेंज अल्टरनेटिव्ह या सरकारविरोधी चळवळीतली पोरं त्याच रंगाच्या डागांवर बुटक्यांची चित्रं काढायची, ही गोष्ट त्यांनी माझ्याकडून दोनदा सांगून घेतली. त्याच चळवळीच्या आठवणीत २००१ साली श्विदनित्स्का रस्त्यावर पहिला बुटका बसला. आता शेकडो आहेत.

आणि मग सहल नेणाऱ्या माणसाने आबांच्या समोर मला सांगितलं, "आजोबांना बसमध्येच बसू द्या. त्यांना काय दिसणार? त्यांचा एक आम्ही धरून टाकू." आबा काही बोलले नाहीत. मी त्यांना घेऊन उतरले खरी, पण त्यांचा चेहरा पडला तो पडलाच. श्विदनित्स्कावर गोळा ढकलणारी जोडी सापडली, जुन्या खाटीक गल्लीतला खाटीक सापडला. प्रत्येक वेळी आमच्यातलं कुणीतरी आधी ओरडायचं आणि आबा मागे उभे राहून "छान, छान" म्हणायचे.

तुमच्या दुकानाशी आम्ही रस्ता विचारायला थांबलो. तुम्ही आमच्या हातातला कागद पाहिला, आबांची पांढरी काठी पाहिली, शेजारणीला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलंत आणि आमच्याबरोबर निघालात. पलीकडच्याच मोठ्या चौकात, टाउन हॉलजवळ, काळा चष्मा आणि काठीवाला आंधळा बुटका उभा आहे. आमच्या पुतण्याने तो बघितला, ओरडायला तोंडही उघडलं, आणि तुम्ही त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलंत.

मग तुम्ही स्वतः फरशीवर गुडघा टेकलात, आबांना हळूच खाली बसवलंत, त्यांचा हात धरून बुटक्यापासून वीतभर अंतरावर नेलात आणि तिथे सोडून दिलात. मावशी, तो सोडलेला हात मी जन्मभर विसरणार नाही. दुसऱ्या कुणीही तो थेट मूर्तीवर नेऊन ठेवला असता. तुमचा हात त्यांच्या कोपराखाली होता, पण टेकलेला नव्हता. आबांची बोटं फरशीवरून चाचपत गेली, बुटाला लागली, मग काठीला, मग चष्म्याला. "अगं, ह्याच्याकडं पण काठी हाय!" अख्ख्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते ओरडले. त्या प्रवासातलं त्यांचं ते पहिलं हसू.

आमच्याकडे आबांना हात धरून रस्ता ओलांडून देणारे खूप आहेत, देव त्यांचं भलं करो. पण त्यातले बहुतेक बोलतात माझ्याशी: "आजोबांना पाणी हवंय का?" तुम्हाला आमची भाषा येत नव्हती, तरी तुम्ही पूर्ण वेळ आबांकडेच तोंड करून बोलत होतात, आणि आबा मराठीत उत्तरं देत होते. परतताना आम्ही फुलं घेतली, तेव्हा त्यांचे पैसे तुम्ही आबांकडूनच नीट मोजून घेतलेत. तेही मला फार आवडलं. समोरच्याला माणूस म्हणून धरणारी अशी माणसं कुठल्या शाळेत शिकून येतात, मला खरंच कळत नाही.

आमची टोळी जिंकली नाही. दुसऱ्यांना जास्त बुटके मिळाले, त्यात ओद्रा नदीकाठचा कपडे धुणाराही होता. आबांना आता तो हवाय. जमलं तर परत येऊ म्हणतात. आलो तर आधी तुमच्या दुकानावरच येऊ, आणि या वेळी नाव विचारू.

तुमची,
आबांची सून, कोल्हापूर