वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाणी आणि प्रथिनं मोजूनच घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया आता नागपुरात नवलाईची राहिलेली नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळकडचे रुग्णही इथे येतात आणि काही दिवसांत गावी परततात. घरी गेल्यावर सगळ्यांचं लक्ष वजनकाट्याकडे असतं. पाणी किती प्यायलं आणि प्रथिनं किती ग्रॅम पोटात गेली, हे मात्र फारच थोड्या घरांत लिहून ठेवलं जातं. या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दाखल व्हावं लागण्याच्या नेहमीच्या कारणांमध्ये शरीरातलं पाणी कमी होणं हे एक आहे. त्यात मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. आहारतज्ज्ञ म्हणून काही गोष्टी सविस्तर सांगणं आम्हाला गरजेचं वाटतं.

आधी पाणी. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून टाकतात, त्यानंतर साधारण 100 ते 150 मिली जागा उरते. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून थेट आतड्याला जोडतात, तो 30 मिलीच्या आसपास असतो. दोन घोटांतच पोट भरल्यासारखं वाटतं आणि तहान भागली असा समज होतो. त्यामुळे तहानेवर विसंबू नये, घड्याळ लावावं. दिवसाला किमान दीड लिटर द्रव पोटात जायला हवा, उन्हाळ्यात दोन लिटरच्या जवळ. घटाघटा प्यायलं तर छातीच्या मागे दुखतं आणि फेसाळ उलटी होते. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापाच्या कपाने 15 मिली दर पाच मिनिटांनी घेतलं, तर तासाला 180 मिली होतात. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी प्यायचं नसतं. तीन जेवणं आणि दोन मधली खाणी धरली, तर दिवसाचे पाच तास तिथेच जातात. उरलेल्या दहा-अकरा तासांत हिशेब बसवायचा, म्हणजे सकाळी उठल्यापासूनच सुरुवात करावी लागते. दुपारी चार वाजता आठवण झाली तर भरपाई होत नाही.

नुसतं पाणी जड वाटत असेल तर पातळ ताक, लिंबू-मीठ-पाणी, बडीशेपेचं पाणी किंवा साखर-गुळाविना केलेलं कैरीचं पातळ पन्हं चालतं. दूधही द्रवातच मोजावं. संत्र्याचा रस आणि उसाचा रस मात्र नको. ग्लासभर संत्र्याच्या रसात 20 ग्रॅमच्या आसपास साखर असते, प्रथिनं नावालाच. बायपास झालेल्यांना अशा गोड पेयानंतर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब होऊ शकतात. लघवी गडद पिवळी होणं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, ही पाणी कमी पडल्याची खूण आहे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा मधुमेहाची औषधं सुरू असतील, तर त्यांचा डोस शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावा. स्वतःच्या मनाने ती बंद करू नयेत.

प्रथिनांचं लक्ष्य दिवसाला 60 ते 80 ग्रॅम. ती कमी पडली की वजन चरबीबरोबर स्नायूंतूनही उतरतं. काट्यावर आकडा छान दिसतो, पण जिना चढताना पाय लटपटतात. पुढे केस गळतात, जास्त कमतरता असेल तर पायांवर सूज येते. आपल्या घरांतली नेहमीची चूक म्हणजे वरणाचं वरचं पाणी, चिकनचं निव्वळ सूप आणि भाताची पेज यांना ताकदीचं अन्न समजणं. प्रथिनं डाळीच्या गाळात आणि मांसाच्या तुकड्यांत असतात, पाण्यात जवळपास उतरत नाहीत. पहिले दोन आठवडे द्रव आहारच असतो, तेव्हा दूध आणि व्हे प्रोटीन (दुधातल्या निवळीपासून केलेली प्रथिनांची पावडर) यांचाच मुख्य आधार. व्हे कोमट किंवा गार दुधात घुसळावं, उकळत्या दुधात घातलं की गोळे होतात. दुधाने पोट फुगत असेल तर व्हे आयसोलेट हा जास्त शुद्ध प्रकार घेऊन तो पाण्यात कालवावा, त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर फार कमी असते. माल्टच्या पावडरी त्याची जागा घेऊ शकत नाहीत, त्यांत साखरच जास्त.

नेहमीच्या जेवणावर आल्यानंतर शाकाहारी माणसाचा हिशेब असा जमतो: 200 मिली दुधात एक स्कूप व्हे म्हणजे 30 ग्रॅम, 50 ग्रॅम पनीर म्हणजे 9, 30 ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण म्हणजे 7, 20 ग्रॅम सोयाबीन वडी म्हणजे 10 आणि 50 ग्रॅम चक्का म्हणजे 4. झाले 60. सोयाबीन वडी गरम पाण्यात भिजवून, पिळून, मिक्सरमधून खिम्यासारखी काढावी. अख्खी वडी अडकते. पनीर तळू नये, दुधात कुस्करावं. अंड्यातून 6 ग्रॅम मिळतात. मासा चिकनपेक्षा मऊ असल्याने आधी तोच द्यावा. ताटात प्रथिनं पहिल्यांदा खावीत. पोळी-भात आधी गेला की पुढे जागा उरत नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्यातून प्रथिनं जवळपास मिळतच नाहीत, आणि पहिलं वर्षभर उपवास धरूच नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

उलट्यांबद्दल सर्वांत कळकळीने लिहावंसं वाटतं. चोवीस तास पाणीही पोटात टिकत नसेल, तर घरी वाट पाहू नये. उलट्या दिवसेंदिवस चालल्या तर शरीरातला बी-1 जीवनसत्त्वाचा थोडासा साठा लवकर संपतो. एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. अशा वेळी गावातल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून आधी ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर उरलंसुरलं बी-1 ही खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बी-1 चं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी द्यायला हवं. नातेवाइकांनी तिथल्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेची माहिती पहिल्याच वाक्यात द्यावी.

शहरातल्या रुग्णालयांना आमची विनंती आहे की, सुट्टी देताना इंग्रजी डाएट चार्टऐवजी वाटी-चमच्याच्या मापातला मराठी तक्ता द्यावा, आणि सोबत खिशात मावेल असं एक कार्ड. त्यावर शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि ‘उलट्या असल्यास ग्लुकोजआधी बी-1’ एवढं ठळक छापलेलं असावं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांसाठी वरची पाण्याची व प्रथिनांची मापं लागू नाहीत, त्यांनी ती आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावीत.

आपले,
दोन आहारतज्ज्ञ, नागपूर