ज्युनिअर वकिलाच्या पहिल्या पगाराचा आकडाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपण काढलेल्या करिअर पुरवणीत फौजदारी न्याय, कामगार कायदा आणि आपत्कालीन सेवा यांवर एक अख्खं पान होतं. माझ्या नातीने ते कात्रीने कापून वहीत चिकटवलंय. पान देखणं होतं. काळ्या कोटातली मुलगी, हेल्मेट घातलेला अग्निशमन दलाचा जवान, खाली चौकटीत लाखांतले आकडे. वहीत समोरच्या पानावर तिने रकाने आखले, पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, आणि मला विचारलं, "आजोबा, हे पैसे पहिल्या महिन्यापासून मिळतात का?"

मी वकील नाही. वकिलांचा कारकून होतो, एका कामगार वकिलांकडे ३१ वर्षं. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघायचा, डायरीत तारखा चढवायच्या, वकीलपत्राला तिकीट लावायचं, नकलेचे अर्ज टाकायचे आणि पुकारा झाला की दुसऱ्या कोर्टात अडकलेल्या साहेबांना ओढून आणायचं. वडील सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलच्या साचे खात्यात, म्हणजे मागावर, आई घरी विड्या वळायची. म्हणजे पक्षकारांच्या बाकावर बसणारी माणसं माझ्या घरातलीच. सुरुवातीला आमच्याकडे गिरण्यांची प्रकरणं असायची. गिरण्या बंद पडल्या तशी यंत्रमाग, टॉवेल, डाइंग (कापड-सूत रंगवण्याचे कारखाने) आणि विडीची येऊ लागली.

या ३१ वर्षांत साहेबांकडे पंधरा-सोळा ज्युनिअर, म्हणजे हाताखाली काम शिकणारे नवे वकील, आले. मला महिन्याच्या महिन्याला पगार होता. त्यांना नव्हता. एल.एल.बी. झालेली मुलं माझ्यासमोर बसून किमान वेतनाचे दावे लिहायची आणि संध्याकाळी एसटीच्या पासासाठी घरी फोन करायची. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या साहेबांनी त्यांना दिलं नव्हतं, म्हणून त्यांनी दिलं नाही. सणाला पाकीट द्यायचे, एखाद्या प्रकरणाची फी आली तर हजार-पाचशे हातावर ठेवायचे. नेमणुकीचं पत्र नाही, हजेरी नाही, ठरलेली रक्कम नाही. उद्या यांच्यातल्याच एखाद्याने कामगार न्यायालयात अर्ज केला तर मालक म्हणून कुणाचं नाव घालायचं, असा विनोद मी एकदा केला होता. साहेब हसले नाहीत.

आता एक प्रकरण सांगतो, कारण पुरवणीतल्या तिन्ही धंद्यांची गाठ मी त्यात बघितली.

जानेवारी २०२०. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू होती. सात-आठ माणसांच्या एका डाइंगमध्ये पहाटे वाफेची नळी फुटली आणि चाळीस वर्षांचा एक कामगार भाजला. तिसऱ्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलात वारला. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, नोंद नव्हती, त्यामुळे आम्ही १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली अर्ज लावायचं ठरवलं. बायको विडीवाली. पहिल्यांदा आली तेव्हा पदराच्या गाठीत पंचनाम्याची झेरॉक्स बांधून आणली होती. त्यात लिहिलं होतं, "सदर ठिकाणी हजर असलेला एक इसम".

कामगार नाही, इसम. या एका शब्दावर मालकाचा सगळा बचाव उभा राहिला. माणूस माझ्याकडे कामाला नव्हता, भावाला डबा द्यायला आला होता. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराला मी ओळखत होतो. दोन रात्री यात्रेच्या बंदोबस्ताला उभा राहून तो तिथे गेला होता. त्याने मुद्दाम काही केलं असं मला आजही वाटत नाही. पण घटनास्थळी पोचलेल्या पोलिसाच्या एका शब्दाने पुढे कुणाच्या तोंडचा घास जाऊ शकतो, हे त्याला कुणी कधी शिकवलं असेल का, ते मला माहीत नाही.

तेव्हा आमच्याकडे एक मुलगी ज्युनिअर होती. आम्ही तिला बाई म्हणायचो, वयाने माझ्या लेकीएवढी. साहेबांनी तिला जुना नमुना देऊन अर्ज तयार करायला सांगितला. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा हिस्सा गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक, असा तो हिशेब असतो. चाळीस वर्षांना गुणक १८४.१७. पण पगार कितीही असला तरी तो सरकारने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच धरायचा, आणि नमुन्यात ती मर्यादा ८,००० होती, बरीच वर्षं तीच चाललेली. त्या हिशेबाने ७,३६,६८० रुपये होत होते. मी तो आकडा टाइप करून छापूनही ठेवला होता.

बाई दुसऱ्या दिवशी केंद्राची अधिसूचना घेऊन आल्या. ३ जानेवारी २०२० पासून मर्यादा १५,००० झाली होती, म्हणजे अपघाताच्या जेमतेम दोन आठवडे आधी. माणसाचा पगार पंधरा हजारांच्या थोडा वरच होता. नवा आकडा आला १३,८१,२७५. साहेबांनी चष्मा काढून कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "जुना कागद फाड." साडेसहा लाखांचा फरक, आणि तो शोधणाऱ्या मुलीला त्या महिन्यात आमच्या ऑफिसातून काहीही मिळालेलं नव्हतं.

इसमाचं भूतही बाईंनीच उतरवलं. जखमीला १०८ च्या रुग्णवाहिकेने नेलं होतं. २०१४ पासून आपल्याकडे ही सेवा आहे, गाडीत डॉक्टर असतो, चालकाला ते लोक पायलट म्हणतात. डॉक्टर बहुतेक बीएएमएस, कंत्राटावरचे. त्या पहाटे गाडीत जो कुणी डॉक्टर होता त्याने धावत्या गाडीत एक कागद भरला होता. त्याची नक्कल मिळवायला बाईंनी स्वतःच्या स्कूटीवर चार खेपा घातल्या. पेट्रोलचे पैसे मी त्यांना विचारले, त्यांनी घेतले नाहीत. कागदावर वाकड्या अक्षरात होतं, "कामावर असताना वाफेने भाजला, सोबत सहकामगार". खाली वेळ, पहाटे ५.४०.

मग लॉकडाउन आला, कोर्टं बंद, तारखा पुढे. उलटतपासाला मालक उभा राहिला तेव्हा साहेबांनी फार काही विचारलं नाही. पहाटे पाच चाळीसला तुमच्याकडे कोण कुणाला डबा द्यायला येतं, एवढंच. तो प्रश्न चिठ्ठीवर बाईंनी लिहून दिला होता. चिठ्ठी अजून माझ्या जुन्या डायरीत आहे.

२०२३ मध्ये निकाल आमच्या बाजूने लागला. बाई तेव्हा कोर्टात नव्हत्या. तीन वर्षं काढून त्या एका फायनान्स कंपनीत लागल्या होत्या. थकलेल्या हप्त्यांसाठी दिवसभर लोकांना फोन करायचं काम, पगार बँकेत जमा, सुट्टीचे पैसे वेगळे. धाकट्या भावाची फी भरायची होती. निकाल कळवायला मी फोन केला तर म्हणाल्या, "काका, जरा हळू बोला, इथे कॉल रेकॉर्ड होतात."

संपादक महाराज, आपल्या पानावर हे नव्हतं. फौजदारी बाजूलाही तीच गत. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. अट मला पटते. कोर्टात उभंच न राहिलेला माणूस न्यायाधीश झाला तर काय होतं, ते कारकुनाइतकं कुणाला ठाऊक असणार! पण ती तीन वर्षं खायचं काय? ज्याच्या बापाची बागायत आहे किंवा काकाचं ऑफिस आहे, तो तीन वर्षं सहज काढतो. साखर पेठेतल्या मागवाल्याची मुलगी कशी काढणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या परिषदेने, ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं पत्रक काढलं. सूचना आहे, सक्ती नाही. आमच्या ओळखीच्या ऑफिसांत मी ते स्वतः नेऊन दाखवलं. चहा मिळाला.

चांगलंही सांगायला हवं. वकिलीच्या सनदेच्या नोंदणीसाठी आधी हजारो रुपये लागायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. लोकअभिरक्षक कार्यालयं निघाली आहेत. ज्याला वकील परवडत नाही अशा आरोपीची बाजू तिथले वकील मांडतात आणि त्यांना महिन्याला ठरलेलं मानधन मिळतं. सहायक लोकअभिरक्षकाची जागा तर नवशिक्यांसाठीच आहे. कंत्राटी आहे, खाजगी प्रॅक्टिस करता येत नाही, पण पहिल्या महिन्याला हातात काहीतरी पडतं. पुरवणीत याचा उल्लेखही नव्हता. तसंच, कामगार न्यायालयात काळा कोट लागतोच असं नाही, युनियनचा पदाधिकारीही कामगारासाठी उभा राहू शकतो. विडी कामगारांच्या युनियनचे असे दोघं मी पाहिलेत, सनद नसताना भल्याभल्यांना घाम फोडणारे.

आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांचे २९ केंद्रीय कायदे जाऊन चार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीवर नेमलेल्याला आता वर्षभरात ग्रॅच्युइटीचा हक्क येतो, औद्योगिक न्यायाधिकरणात न्यायिक सदस्याबरोबर प्रशासकीय सदस्य बसणार. माझ्या डोक्यातली निम्मी कलमं रद्दीत गेली, त्याचं फार दुःख नाही. पण या संहिता कुणीतरी तरुण डोळ्यांनी वाचाव्या लागतील, जशी बाईंनी ती अधिसूचना वाचली. तो तरुण फायनान्स कंपनीत बसला असेल तर वाचणार कोण? मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली, आठ जीव गेले, मालकाच्या घरातले आणि कामगारही. त्या सकाळी मी टीव्हीसमोर बसून होतो. धुरात शिरणारे जवान सगळ्यांना दिसत होते. मला मात्र राहून राहून वाटत होतं की बाहेर पॅड घेऊन उभा असलेला माणूस आत्ता इसम लिहितोय की कामगार.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या पुरवणीत लाखांच्या चौकटीशेजारी अजून एक चौकट टाका. सोलापुरातल्या पाच-दहा वकिलांकडे वार्ताहर पाठवून विचारा, ज्युनिअरला महिना काय देता? १०८ च्या डॉक्टरला विचारा, कंत्राट किती महिन्यांचं आहे? अग्निशमन दलात जाऊन बघा, कायम किती आणि ठेक्यावर किती. नावं छापू नका, आकडे छापा. वकील मंडळी माझ्यावर रागावतील. रागावू देत, मी आता कुणाच्या पगारावर नाही.

नातीने लॉची सीईटी दिली आहे. माझा विरोध नाही, उलट वकीलपत्र कसं लिहायचं ते मी तिला आत्तापासून दाखवतोय. फक्त ती वही तिने परवा पुन्हा माझ्यापुढे सरकवली. पहिल्या तीन वर्षांचे जमेचे रकाने कोरेच आहेत. खर्चाच्या बाजूला मी ‘स्कूटीचं पेट्रोल’ एवढं लिहून दिलंय.

आपला,
एक निवृत्त वकील-कारकून
विडी घरकुल, सोलापूर