कॅमवर काय टेकते, ते आधी पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत इंजिनाची ताकद वाढवण्याविषयी आलेला लेख वाचला. लेखकाने कॅमशाफ्टसाठी, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यासाठी, स्वतंत्र परिच्छेद दिला याचा आनंद झाला, कारण एअर फिल्टर आणि सायलेन्सरच्या गप्पांत या भागाकडे सहसा कोणी वळत नाही. मात्र त्या परिच्छेदातली दोन विधाने तशीच राहू देणे बरे वाटत नाही. पहिले असे, की बिडाचा कॅमशाफ्ट कमी प्रतीचा आणि बिलेट पोलादाचा (अखंड पोलादी गजातून कोरलेला) वरच्या प्रतीचा, तेव्हा ऐपत असेल त्याने बिलेटच घ्यावा. दुसरे असे, की कॅम जितक्या जास्त अंशांचा, म्हणजे व्हॉल्व्ह जितके जास्त अंश उघडा ठेवणारा, तितकी ताकद जास्त. मी बरीच वर्षे कॅम घासण्याचे आणि इंजिने बांधण्याचे काम करतो, आणि माझ्या टेबलावर बिघडून येणाऱ्या इंजिनांपैकी पुष्कळशी याच दोन समजुतींपायी बिघडलेली असतात.

धातूचा प्रश्न प्रतवारीचा नाही, जोडीचा आहे. लोबवर, म्हणजे शाफ्टवरच्या उंचवट्यावर, सपाट टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हकडे धक्का पोचवणारा भाग, घासत सरकत असेल तर चिल्ड बिडाइतका सोशिक धातू क्वचितच सापडेल. ओतकामाच्या साच्यात लोबच्या जागी लोखंडी ठोकळे बसवलेले असतात. त्यांना भिडलेले वितळते बीड झटकन गोठते, कार्बनला ग्रॅफाइट व्हायला सवड मिळत नाही आणि तो लोखंडाशी संयोग पावून कठीण कार्बाइड बनतो. हा कठीण थर काही मिलिमीटर खोल जातो आणि सरकत्या घर्षणात टिकतो. त्याच सपाट टॅपेटखाली साधा पोलादी कॅम घातला तर पोलाद पोलादाला धरते, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना ओरबाडतात, आणि 'वरच्या प्रतीचा' म्हणून बसवलेला शाफ्ट काही तासांत भंगारात जातो. पोलादावर सपाट टॅपेट चालवायचाच असेल तर तो टॅपेट चिल्ड बिडाचा किंवा कठीण लेप दिलेला असावा लागतो, आणि तो निर्णय कॅम मागवतानाच घ्यावा लागतो.

रोलर टॅपेट आला की चित्र उलटते. रोलर सरकत नाही, गडगडतो. पण त्याचा लोबला होणारा स्पर्श एका रेषेपुरता असल्याने सगळा भार त्या रेषेवर एकवटतो आणि सर्वांत जास्त ताण पृष्ठभागाच्या किंचित खाली येतो. ठिसूळ कार्बाइडचा थर हा वारंवारचा ताण सोसत नाही. आधी बारीक खड्डे पडतात, मग खवले निघतात. इथे पोलादच हवे, आणि तेही आतून चिवट व वरून कठीण. ८६२० या पोलादात कार्बन सुमारे ०.२० टक्के असतो. पृष्ठभागात बाहेरून कार्बन मुरवून त्याला पाणी दिले, म्हणजे तापवून झटकन थंड केले, की वरचा थर कठिणतेच्या रॉकवेल सी मापावर ५८ ते ६२ पर्यंत कठीण होतो आणि गाभा चिवट राहतो. ५१५० मध्ये कार्बन मुळातच ०.५० टक्क्यांच्या घरात असल्याने लोब इंडक्शनने (विजेच्या चुंबकीय क्षेत्राने) तापवून पाणी देता येते. ईएन ४०बी सारख्या पोलादाचे नायट्रायडिंग करतात, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवतात. त्यात तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते आणि पाणी द्यावे लागत नाही, म्हणून शाफ्ट वाकत नाही, हा मोठा फायदा. त्याची उणीव अशी, की कठीण थर मिलिमीटरच्या काही दशांशांपुरताच असतो.

या उणिवेने मला एकदा चांगलाच धडा दिला. एका गृहस्थांनी ट्विन कॅम इंजिनाचे दोन शाफ्ट लिफ्ट, म्हणजे टॅपेट उचलला जाण्याची उंची, वाढवून घासून देण्यासाठी आणले. शाफ्ट पोलादी होते, मोजमापे नीट होती, आणि त्यांच्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे हे विचारायचे मी विसरलो. काम नजर ठरेल असे झाले. काही तास गाडी चालल्यावर टॅपेट वाजू लागले म्हणून झाकण उघडले, तर इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या) बाजूला लोब आणि टॅपेट यांच्यात ०.२५ मिमी ठेवलेली फट फिलर गेजवर ०.५५ मिमी भरली. लोबची चढण हाताला खरखरीत लागत होती. मी बारीक कानशीचा कोपरा लोबच्या कडेवर हलकेच टेकवून ओढला. न घासलेल्या भागावर कानस काचेवरून जावी तशी सरकली. माझ्या चढणीवर मात्र तिने धातू पकडला आणि चकचकीत रेघ उमटली. नायट्रायडिंगचा सगळा थर मी चाकाखाली उडवला होता आणि बकेट, म्हणजे वाटीच्या आकाराचा टॅपेट, मऊ पोलादावर चालत होती. तेव्हापासून शाफ्ट हाती आला की मी कानस आधी उचलतो आणि मायक्रोमीटर नंतर.

जुना शाफ्ट घासून लिफ्ट कशी वाढते, याविषयी गैरसमज फार आहेत. वेल्डिंग करून भर घातल्याशिवाय लोबचे टोक उंच होत नाही. तळाचे वर्तुळ, म्हणजे बेस सर्कल, लहान करावे लागते. समजा बेस सर्कल ३४ मिमी व्यासाचे आहे आणि कॅमची लिफ्ट ८ मिमी. शाफ्टच्या मध्यापासून टोक १७ अधिक ८, म्हणजे २५ मिमीवर आले. लिफ्ट ९ मिमी हवी असेल तर टोक तिथेच ठेवून बेसची त्रिज्या १६ करायची, म्हणजे व्यास ३२. आता टॅपेटपाशी १ मिमीची जास्तीची फट पडली. ती जाड शिमने (चकतीने) भरावी लागते, आणि इंजिन पुशरॉडचे, म्हणजे टॅपेटचा धक्का दांड्यांनी वर नेणारे, असेल तर पुशरॉड लांब घ्यावे लागतात. हायड्रॉलिक टॅपेटला ही फट स्वतःहून भरून काढता येते, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. शिवाय तेवढ्याच अंशांत जास्त उंची गाठायची म्हणजे टोक अधिक निमुळते होते, आणि निमुळत्या टोकावर तोच भार जास्त बोचतो. चिल्ड बिडाचा खोल थर हे सगळे बऱ्यापैकी निभावून नेतो. पुन्हा घासून घेण्याच्या दृष्टीने तथाकथित हलक्या प्रतीचा शाफ्टच अनेकदा जास्त उपयोगी ठरतो, हे लेखकाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

टॅपेटचा आकारही प्रोफाइलला, म्हणजे लोबच्या वळणाला, लगाम घालतो. सपाट टॅपेटवर लोबच्या स्पर्शाची जागा मध्यापासून बाजूला सरकत जाते, आणि ती किती सरकते हे टॅपेट किती वेगाने उचलला जातो त्यावर ठरते. ३० मिमी व्यासाच्या बकेटवर १२ मिमी रुंदीचा लोब चालत असेल, तर ही जागा मध्यापासून साधारण पावणेचौदा मिमीच्या पलीकडे गेली की लोबची कड बकेटच्या काठावरून उतरू लागते. या आकड्याला ५७.३ ने (एका रेडियनमधल्या अंशांनी) भागले की कॅमच्या दर अंशाला सुमारे ०.२४ मिमी इतका कमाल वेग मिळतो. त्याहून तिखट प्रोफाइल संगणकावर काढता येते, पण त्या बकेटवर चालवता येत नाही. रोलरला ही अडचण नाही. मात्र त्याच्या तिखट प्रोफाइलमध्ये चढण आत वळते, आणि ती खोलगट जागा घासायला तिच्या वक्रतेहून लहान चाक लागते. मोठ्या चाकाच्या जुन्या मशिनवर असा लोब निघत नाही, तेव्हा काम देण्याआधी ग्राइंडरला त्याच्या चाकाचा व्यास अवश्य विचारावा. चाक घाईने चालवले तर पृष्ठभाग जळतो आणि दिलेले पाणी उतरते. डोळ्यांना हे दिसत नाही. नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या पातळ द्रावाने पुसल्यावर जळालेली जागा काळपट होऊन उघडी पडते.

आता अंशांकडे येतो. सर्वप्रथम, २८० अंशांचा कॅम या शब्दांना मोजणी कुठून सुरू केली ते सांगितल्याशिवाय अर्थ नाही. एक जण टॅपेट ०.००६ इंच उचलल्यापासून मोजतो, दुसरा ०.०५० इंचापासून, तिसरा १ मिलिमीटरपासून. एकाच लोबला या तिघांकडून तीन आकडे मिळतात. जाहिरातीत अर्थातच सर्वांत मोठा छापला जातो. त्याहून महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे, आणि तो म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी पोचल्यानंतर किती अंशांनी बंद होतो तो. व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत दाब तयारच होत नाही. १० ला १ कॉम्प्रेशनचे इंजिन घ्या आणि कनेक्टिंग रॉड स्ट्रोकच्या पावणेदोन पट लांब धरा. व्हॉल्व्ह ५० अंशांनी बंद झाला तर प्रत्यक्ष दाबला जाणारा स्ट्रोक सुमारे ८६ टक्के उरतो आणि भूमितीप्रमाणे खरे कॉम्प्रेशन ८.८ च्या आसपास येते. ७० अंशांनी बंद झाला तर स्ट्रोक ७३ टक्क्यांवर आणि कॉम्प्रेशन ७.६ वर उतरते. वरच्या आरपीएमवर आत धावणारी हवा स्वतःच्या वेगामुळे सिलेंडरमध्ये शिरत राहते आणि ही तूट भरून निघते. खालच्या आरपीएमवर मात्र पिस्टन तीच हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो, गाडी मरगळते, आणि मालकाला वाटते की ट्यूनिंग चुकले.

दोन्ही टोके एकाच लोबला पुरी पडत नाहीत, हे मोठ्या उत्पादकांनीही मान्य केलेले आहे. होंडाने १९८९ मध्ये इंटेग्रा गाडीत व्हीटेक आणले तेव्हा दर दोन व्हॉल्व्हमागे तीन लोब ठेवले, दोन कमी वेगासाठी आणि मधला तिखट लोब जास्त वेगासाठी, आणि १.६ लिटरच्या इंजिनातून ७६०० आरपीएमला १६० पीएस काढले. ज्याच्याकडे अशी यंत्रणा नाही, त्याला आपली गाडी कोणत्या आरपीएमवर जास्त वेळ चालते हे प्रामाणिकपणे सांगूनच लोब निवडावा लागतो. माझा अनुभव असा, की या प्रश्नाला सगळेच जण फुगवून उत्तर देतात. म्हणून सांगितलेल्या आकड्यातून मी हजारभर आरपीएम मनातल्या मनात वजा करतो.

इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांतले अंतर एकच शाफ्ट असलेल्या इंजिनात घासतानाच कायमचे ठरते. दोन शाफ्ट असतील तर फिरवता येणाऱ्या पुलीने पुढे बदलता येते. दोन्ही लोब २८० अंशांचे असतील तर हे अंतर ११० ठेवल्यावर ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, ६० अंश येतो, आणि १०६ ठेवल्यावर ६८. ते आठ अंश आयडलिंगला लगेच जाणवतात: इंजिन हेलकावे खाते, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो आणि ब्रेकचे पेडल जड होते. टर्बो असलेल्या इंजिनात एक्झॉस्टकडचा दाब इनटेकपेक्षा वाढत असेल तर मोठा ओव्हरलॅप जळका वायू उलटा आत घेतो. तिथे हे अंतर रुंद ठेवणेच शहाणपणाचे.

नव्या सपाट टॅपेटच्या कॅमचे नशीब पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत ठरते, आणि लेखात त्याचा उल्लेखच नाही. पुशरॉडच्या अशा इंजिनात टॅपेटचे तोंड किंचित फुगीर आणि लोब किंचित उतरता घासलेला असतो, म्हणजे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो; तो फिरायचा थांबला की लोब संपला. अनेकांना वाटते की नवे इंजिन आधी सावकाश आयडलिंगवर ठेवावे. सपाट टॅपेटच्या बाबतीत हे नेमके उलटे आहे. जास्त आरपीएमवर टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांचे जडत्व टोकापाशी स्प्रिंगचा काही जोर खाऊन टाकते. आयडलिंगला स्प्रिंगचा सगळा जोर टोकावर येतो, तेलाचा थर पातळ असतो आणि क्रँकवरून उडणारे तेलही कमी पोचते. म्हणून इंजिन सुरू होताच २००० आरपीएमच्या वर न्यावे, तिथेच थोडे खालीवर करत राहावे, आणि दुहेरी स्प्रिंगा असतील तर तेवढ्या वेळापुरती आतली काढून ठेवावी. तेलही विचारपूर्वक घ्यावे. झिजेपासून वाचवणारे जस्त-फॉस्फरसचे संयुग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधते, म्हणून इंजिन तेलाच्या २००४ च्या एपीआय एसएम श्रेणीपासून पातळ ग्रेडच्या तेलांत फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. रोलरवाल्या इंजिनांना त्याने काही बिघडत नाही, जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनांना मात्र बिघडते. जुने टॅपेट नव्या कॅमवर कधीही चढवू नयेत.

शेवटी मापनाविषयी. कितीही नामांकित ग्राइंडरकडून कॅम आला तरी बसवताना डिग्री व्हीलवर (क्रँकला लावायच्या अंश आखलेल्या चकतीवर) तपासावा. इनटेक पिस्टनच्या वरच्या बिंदूच्या २५ अंश आधी उघडत असेल आणि तळानंतर ६५ अंशांनी बंद होत असेल, तर २५ अधिक १८० अधिक ६५ मिळून २७० अंश होतात. त्याच्या निम्म्यातून, म्हणजे १३५ मधून, २५ वजा केले की लोबचा मध्य वरच्या बिंदूनंतर ११० अंशांवर आहे हे कळते. कॅमसोबत आलेल्या कार्डावर १०६ लिहिलेले असेल तर कॅम ४ अंश उशिरा बसला आहे आणि स्प्रॉकेट (कॅमचे दातेरी चाक) हलवायला हवे. मग पिस्टनवर प्लॅस्टिसिनची चकती ठेवून इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावे, हेड काढावे आणि ब्लेडने चकती कापून उरलेली जाडी मोजावी. इनटेकच्या बाजूला २ मिमी आणि एक्झॉस्टच्या बाजूला २.५ मिमी यांच्या खाली ती भरली, तर मी ते इंजिन सुरू करत नाही.

आपला विश्वासू,
एक कॅम ग्राइंडर